सातारची पेटी मिरजेला

बुधवार, सातारा

आमच्या आत्याचा फोन दोन मिनिटांच्या वर कधी जात नाही. या वेळी तर तिनं अर्ध्या मिनिटात काम उरकलं. "सुमे, सोमवारी पेटी नेणार आहेत. तू ये," म्हणाली आणि ठेवून दिला. मी इकडे नागपुरात. आमच्या ख्रिस्ती घरांत पेटी म्हटलं की तीन अर्थ होतात: वाजवायची, दान टाकायची आणि माणूस ठेवायची. आत्या ब्याऐंशीची, तेव्हा मला तिसराच अर्थ आधी सुचला. उलट फोन केला तर माझ्यावरच खेकसली. "अगं वाजवायची! मी धडधाकट आहे. रिझर्वेशन कर."

शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी. पेटी मला बेतापुरती येते. पण आत्याला मूलबाळ नाही, आणि तिच्या मते आमच्या घराण्यात पेटीतलं कळणारी मी एकटीच उरले आहे. निवृत्त झाल्यापासून मला इतक्या तातडीनं कुणी बोलावलं नव्हतं. खरं सांगते, बरं वाटलं.

सकाळी साताऱ्यात उतरले तेव्हा अजिंक्यतारा धुक्यात होता आणि आत्या फाटकात, स्वेटर, त्यावर शाल, त्यावर कानटोपी. सलाम केला तर म्हणे, "चहा नंतर. आधी देवळात चल." इकडे चर्चला देऊळच म्हणतात. नागपुरात मी 'देवळात जाऊन येते' म्हटलं की नव्या शेजारणी बुचकळ्यात पडतात, इथला रिक्षावालासुद्धा विचारतो, "दगडी देवळात ना?"

देवळात वेदीच्या डाव्या हाताला भिंतीवर चुन्याचा एक उंच, फिकट पट्टा आहे. तिथे एके काळी पाइप ऑर्गन उभा होता. बोटीनं आणि मग बैलगाडीनं आला म्हणतात. पुढे बसून मिशनची मडम वाजवायची आणि पडद्यामागे उभे राहून माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, त्याचा भाता मारायचे. "टाळ्या मडमेला, घाम बाबांना," आत्या म्हणाली. पावसाळ्यात त्याचं लाकूड फुगायचं, उंदीर कातडं खायचे, आणि कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे उरलेल्या नळ्या एकावर एक कोसळल्या. त्यानंतर कुठल्याशा मिशन बंगल्यातून पायपेटी आली. दोन्ही पायांनी भाता मारायचा, दोन्ही हातांनी वाजवायचं. ती आत्यानं जवळजवळ पन्नास वर्षं वाजवली. देशी चालीच्या गीतांना जोडीला हार्मोनियम आली, तबला आला. मग पायपेटीचा भाता फाटला, दुरुस्त करणारं कुणी सापडलं नाही, ती कोपऱ्यात पडून राहिली, आणि आला कीबोर्ड.

कीबोर्ड पाळकबाई, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या पत्नी, वाजवतात. बाई फार गोड, गातातही सुरेख. पण त्या यंत्राला बटणं किती! एक दाबलं की ऑर्गन, दुसरं दाबलं की बासरी, आणि तिसरं चुकून दाबलं गेलं ते नेमकं एका मातीच्या वेळी. सगळे काळ्या कपड्यांत उभे आणि आतून ढिंच्याक ढिंच्याक सुरू. आत्यानं हे सांगताना कपाळाला हात लावला. "माझ्या वेळी असं झालं तर मी उठून बसेन, सांगून ठेवते."

एवढ्यात मंडळीतले वडील, सुभेदार, आत आले. वडील म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, मिशा पांढऱ्या पण पीळ जागच्या जागी.

"बाई, आवं किती वर्सं झाली! वाजत न्हाई, नुसती जागा आडवून बसलीया," ते म्हणाले. "पाचगणीच्या हाटेलवाल्याला मी शब्द दिलाय. सोमवारी त्येंचा टेंपो येनार."

"तो काय करणार पेटीचं?"

"कुंड्या ठिवनार हाय वर. झ्याक दिसंल की."

आत्यानं पदरानं पेटीवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "रविवारच्या उपासनेला ती वाजली तर?"

"वाजली तर बघू," सुभेदार म्हणाले. "पन मी शब्द मोडत न्हाई, हां. सगळ्या जिल्ह्याला ठाव हाय."

ते गेल्यावर आत्या माझ्याकडे वळली. "मिरजेला नेऊ या," म्हणाली. मी म्हटलं, कोण नेणार? तर म्हणे, "आपण. उद्या सकाळी. टेंपो सांगून ठेवलाय."

गुरुवार, कराडावरून मिरज

टेंपोवाला दिलीप. त्यानं आणि त्याच्या भावानं पेटी गोधडीत गुंडाळून, दोरांनी करकचून मागे चढवली. ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं टेंपोत बसून सव्वाशे किलोमीटर जाऊ नये, हे मी आत्याला तीन प्रकारे समजावलं. ती खिडकीपाशी जाऊन बसली आणि मांडीवर उशी घेतली. "पेटी एकटी जाणार नाही," एवढंच म्हणाली. मग मी मधे. कराड येईपर्यंत गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला इतक्या वेळा लागला की दिलीप गिअर बदलण्याआधी "ताई, पाय" म्हणायला लागला.

कराडला मिसळ खाल्ली. आमच्या नागपुरात तर्रीवर जीव टाकतात, पण तर्री वाढणारा हात आखडता असतो. इथे कटाची किटलीच टेबलावर आणून ठेवतात आणि वर विचारतात, "अजून आनू का?" मी दोनदा हो म्हटलं, आणि त्याचं फळ पेठ नाक्यापर्यंत भोगलं. आत्यानं दहीपोहे खाल्ले आणि माझ्याकडे बघून हसत राहिली.

कराड सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस. गळिताचा हंगाम, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ताभर डुलत चाललेले आणि प्रत्येकावर गाणं फुल्ल आवाजात. इस्लामपूरच्या अलीकडे पोलिसानं हात केला. गोधडीत गुंडाळलेला लांबट ऐवज बघून त्यानं विचारलं, "काय हाय मागं?"

"पेटी," दिलीप म्हणाला.

"कुनाची?"

"देवळातली," आत्या खिडकीतून म्हणाली. पांढरी साडी, पांढरे केस, मांडीवर उशी. "पन्नास वर्षांची सोबत होती हो. आता मिरजेला नेतोय, बघू काय होतंय."

पोलिसानं टोपी काढली. पुढच्या दोन गाड्या बाजूला करून त्यानं आम्हाला वाट करून दिली. आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही तो इतका सज्जन का वागला. दिलीप आणि मी मात्र आष्टा येईपर्यंत एकमेकांकडे बघू शकलो नाही.

सांगलीत शिरताना हळदीचा वास येतो. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांची गल्ली आहे, तिथे वास वेगळा: लाकडाचा भुसा, लाख, वाळलेले भोपळे. दारादारांत भोपळे टांगलेले, अर्धवट तंबोरे भिंतीला टेकलेले. आत्याला कुणीतरी ज्यांचं नाव सांगितलं होतं ते चाचा सत्तरीचे, अंगात बंडी, कानाला पेन्सिल. तंबोरे करतात, आणि नाटक कंपन्यांच्या पायपेट्या त्यांच्या वडिलांनी दुरुस्त केलेल्या. त्यांनी पेटीचं मागचं फळकूट काढलं, आत तोंड घातलं आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

"उंदरांनी भात्याचं वाटोळं केलंय," आतून आवाज आला. "पण सूर पितळेचे, अस्सल हायेत. एक ओळ पूर्ण जिवंत करून देतो. एकसष्ट सूर." सूर म्हणजे पितळेच्या बारक्या पट्ट्या, वाऱ्यानं त्या थरथरल्या की आवाज. "शनिवारी सकाळी घेऊन जा."

आत्या आत चाचींच्या हातचं पाणी प्यायला गेली होती. चाचांनी कानावरची पेन्सिल काढली. "ताई, कुठल्या पट्टीत लावू?"

आता पेटीचा प्रश्न पेटीतलं कळणाऱ्या बाईला विचारलेला. मी कशाला अडखळते? "काळी एक," मी ऐटीत सांगितलं. आत्या घरात प्रार्थनेची गीतं काळी एकमध्येच, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून म्हणते, लहानपणापासून ऐकत आलेय. चाचांनी भिंतीवर लिहून ठेवलं, काळी १.

शुक्रवार, मिरज आणि कुपवाड

आम्ही दवाखान्याजवळच्या लॉजवर, दिलीप टेंपोत. झोप बेताची झाली, पण सकाळी चाचांच्या अंगणात जाऊन बसले आणि उठावंसं वाटेना. भात्याला नवं कातडं चढलेलं. चाची तंबोरा छेडत बसल्या होत्या, आणि चाचा एकेक सूर हातात घेऊन कानशीनं हलकेच घासत होते. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. घासायचं, बसवायचं, वाजवायचं, तंबोऱ्याशी ताडायचं, मान हलवायची, परत काढायचं. मी गणिताची बाई, मला यंत्राच्या काट्यावर विश्वास. विचारलं, काही मशीन नाही का हो? "हाये की," चाचा म्हणाले आणि चाचींच्या तंबोऱ्याकडे बोट केलं.

दुपारी आत्यानं पेटी वाजवून बघायची ठरवली. बसली, चष्मा सारखा केला, पाय ठेवले. चार वेळा भाता मारला. पाचव्याला तिचा चेहरा पिळवटला. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. ती आणि मी, दोघीही हे विसरलो होतो की काय? की दोघींनाही ते बोलायचं नव्हतं? परत प्रयत्न केला. परत तेच. हात पट्ट्यांवर आणि आवाज नाही.

"नाही गं जमत," ती म्हणाली. माझी आत्या रडत नाही. काका, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हाही तिनं आधी पाहुण्यांच्या चहाचं बघितलं होतं. ती तिथे अंगणात, परक्या माणसांसमोर, पदर तोंडाला लावून रडली. मलाही आवरेना. सव्वाशे किलोमीटर पेटी आणली आणि शेवटी माणूसच नादुरुस्त.

चाचा म्हणाले, "बाई, पाय गेले तर गेले. हातानं भाता मारणारा बसवू." आणि त्यांनी दिलीपला टेंपो काढायला लावला.

कुपवाडला त्यांच्या ओळखीचं एक लेथचं वर्कशॉप आहे. शेडबाहेर दुचाक्यांची ही रांग, आत ठणठणाट. मालक पाटील, हाताला काळं तेल. चाचांनी जमिनीवर खडूनं काढून दाखवलं: पेटीच्या बाजूला एक लोखंडी दांडा, तो खालीवर केला की आतला भाता हलेल. पाटलांनी डोकं खाजवलं.

"म्हंजे पेटीला हापसा बसवायचा म्हना की!"

"व्हय, हापसाच," दिलीप म्हणाला.

"आजवर पंपाची कामं लय केली. पन ह्यातनं पानी न्हाई येनार ना?" सगळं वर्कशॉप हसलं. दोन तासांत त्यांनी दांडा वाकवून, भोकं पाडून, वर लाकडी मूठ बसवून दिला आणि आत्याला खुर्ची देऊन चहा पाजला तो वेगळाच. आमच्याकडे कारखान्यात अशी फालतू ऑर्डर घेऊन गेलं असतं तर वॉचमननंच परत पाठवलं असतं.

परत आल्यावर चाचांनी दांडा जोडला. मी मूठ धरली. चाचा म्हणाले, "बाई, आपलं काहीतरी वाजवा." आत्यानं देशी चालीचं एक गीत धरलं, तिच्या नेहमीच्या काळी एकमध्ये. आणि काय सांगू! अंगण भरून गेलं. चाचींनी काम थांबवलं. शेजारचा तंबोरेवाला हातात भोपळा घेऊन दारात आला. चाचांनी छातीवर हात ठेवला. "गांधार ऐका, बाई. तंबोऱ्यातून निघतो ना, तो हाय." आत्या अगदी मुलीसारखी हसत होती. मला वाटलं, जिंकलो.

शनिवारचं सांगण्यासारखं एवढंच की सांगलीत भडंगाचे चार पुडे घेतले, त्यातले दोन कराडच्या आत संपले, आणि पेटी सुखरूप देवळात पोचली.

रविवार, सातारा

देऊळ गच्च भरलेलं. पेटी मिरजेला जाऊन आली ही बातमी सगळीकडे झाली होती. पाळकबाईंनी स्वतः कीबोर्डवर कापड घातलं आणि आत्याला हाताला धरून बाकावर बसवलं. मी बाजूच्या स्टुलावर, दांडा धरून. सुभेदार पहिल्या रांगेत, हाताची घडी, तोंड मिटलेलं. ते गीतांच्या वेळी गात नाहीत, असं आत्यानं मला सांगितलंच होतं.

पहिलं गीत विलायती चालीचं. पुस्तकात ते पांढरी चारमध्ये आहे आणि पाळकबाई ते तिथेच वाजवतात. आत्यानं तिथूनच सुरुवात केली.

पहिलीच ओळ अशी काही किंचाळली की पुढच्या बाकावरचं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. आत्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. गांधार जागेवर नाहीच, कुठल्या कुठे चढलेला. आत्या थांबली. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला.

"सुमे," आत्या हळू आवाजात म्हणाली, "चाचांना काय सांगितलंस तू?"

"त्यांनी पट्टी विचारली. मी म्हटलं काळी एक."

"पेटीला पट्टी सांगतात? अगं गाढवे!"

हे मात्र हळू नव्हतं. साऱ्या मंडळीनं ऐकलं. मी आजवर हजारो पोरांना गाढव म्हटलं असेन, त्या सगळ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. वाचकांना सांगते, म्हणजे तुम्ही माझ्यासारखी ऐट करणार नाही. तंबोरा एकाच पट्टीत लावतात. पेटीचं तसं नसतं. पेटीतला प्रत्येक सूर किंचित, कानाला कळणार नाही इतका, बाजूला सरकवून ठेवतात, म्हणजे कुठूनही सुरू करा, चालून जातं. चाचा पडले तंबोऱ्याचे माणूस. त्यांनी मला पट्टी विचारली, मी भजनाला बसल्यासारखी सांगितली, आणि त्यांनी पेटीचे एकसष्ट सूर काळी एकशी तंतोतंत जुळवून दिले. काळी एकमधून वाजवलं तर स्वर्ग. बाकी कुठूनही वाजवलं तर उंदीर बरे.

"पाळकसाहेब, एक मिनिट द्या," आत्या म्हणाली. तिनं पुस्तक मिटलं. मडमेनं तिला लहानपणी डो-रे-मीवर गायला शिकवलं होतं. त्यात डो कुठेही ठेवा, पुढचं सगळं त्याच्यामागून येतं. तिनं डो उचलला आणि काळी एकवर ठेवला. तीच विलायती चाल, चांगली चार पट्ट्या खाली. "वारा दे," मला म्हणाली.

मी वारा दिला. आता पेटी जी वाजली, ती मी कधी ऐकली नव्हती. एकेक जोडसूर घट्ट, जराही न थरथरणारा. आणि मग दुसरीच गोष्ट घडली. मागच्या बाकांवरून जाड, म्हातारे आवाज यायला लागले. पाळकबाईंचा गळा उंच, त्यांची पट्टी चढी. या म्हाताऱ्यांचा गळा तिथे पोचायचाच नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं पुस्तक उघडून नुसते उभे राहायचे, आणि मला वाटत आलं होतं की पुरुषमाणसांना गायचा कंटाळा. दुसऱ्या कडव्याला पहिल्या रांगेतून एक खर्जातला आवाज आला. मी दांडा मारत मान वळवली. सुभेदार गात होते. डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा ताठ, गालांवर पाणी.

उपासना संपल्यावर पाळकबाई आत्याजवळ आल्या. "मी इतकं चढं घेते हे मला कुणी सांगितलंच नाही हो," म्हणाल्या. सगळे पेटीभोवती जमले. सुभेदार सगळ्यांच्या नंतर आले.

"बाई, लय वर्सांनी घसा पोचला," ते म्हणाले.

"मग पेटीचं काय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "शब्द दिलाय ना," एवढंच म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले. आत्या दुपारी जेवली नाही. मी चिडून म्हटलं, शब्द काय एकट्या सुभेदारांनाच आहे का? ती म्हणाली, "त्यांच्याजवळ तेवढाच आहे गं," आणि उशीवर डोकं टेकलं.

सोमवार, सातारा

माझी गाडी दहाची. उठले तर आत्या घरात नाही, शाल खुंटीवर नाही. देवळाकडे गेले. फाटकात पाचगणीचा टेंपो उभा होता, मागचं फळकूट उघडं. दोघं जण दोर हातात घेऊन दारात उभे होते आणि आत बघत होते. मी त्यांच्या खांद्यांमधून बघितलं.

आत्या पेटीपुढे बसलेली, कानटोपीसकट. आणि स्टुलावर सुभेदार, बाह्या वर सरकवून दांडा मारताहेत, कवायतीच्या तालावर, एक-दोन, एक-दोन.

"हळू, सुभेदार. परेड नाही ही."

"व्हय बाई."

दोरवाल्यानं घसा खाकरला. "सायेब, भरायची का पेटी?"

सुभेदारांनी मान वर केली नाही. "तुज्या मालकाला सांग," ते म्हणाले. मग दोरवाल्याकडे न बघताच पुढे म्हणाले, "म्हनावं, सुभेदारानं शब्द मोडला. आयुष्यात पयल्यांदा मोडला. माफ कर म्हनावं."

बोलताना त्यांचा हात दांड्यावरच थांबला होता. पेटीचा आवाज उतरत उतरत बंद पडला.

"सुभेदार, वारा!" आत्या ओरडली.

"व्हय, व्हय, देतो," म्हणत सुभेदारांनी दोन्ही हातांनी मूठ धरली.